राहिलेलं वाक्य

चिनी भाषा शिकायला आसावरी अमेरिकेत गेली, ही गोष्ट तिच्या सांगलीच्या घरी दोन वर्षं झाली तरी कुणाच्या पचनी पडली नव्हती. "चिनी शिकायचं तर माणूस चीनला जातो. ओहायोत कोण बोलतं चिनी?" असं तिचे वडील फोनवर अधूनमधून विचारायचे आणि आसावरी दर वेळी तेच उत्तर द्यायची. चीनची स्कॉलरशिप तिला मिळाली होती. पण मिळाली त्याच वर्षी कोविड आला, विमानं बंद झाली, व्हिसा बंद झाले आणि दोन वर्षं वाट बघण्यात ती स्कॉलरशिप हातची गेली. पुढे कोलंबसच्या एका युनिव्हर्सिटीने फी माफ करून वर शिकवायचं कामही दिलं, म्हणून ती तिकडे गेली.

कोलंबसच्या डब्लिन या उपनगरात सई नावाच्या नागपूरच्या मुलीबरोबर ती एका अपार्टमेंटमध्ये राहायची. सकाळी बसने युनिव्हर्सिटी, दुपारी पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वह्या तपासणं, संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चौकटीच्या कागदावर चिनी अक्षरं गिरवणं, असा दिवस जायचा. वाचनात ती वर्गात पुढे होती. बोलताना मात्र सूर चुकायचे. चिनीत एकच उच्चार चार सुरांत म्हटला की चार वेगळे शब्द होतात, आणि मन जरा गडबडलं की आसावरीचे सूर मराठीच्या वळणावर जायचे. तिला शिकवणाऱ्या लिन बाई एकदा म्हणाल्या होत्या, "तू चुकत नाहीस फारशी. पण तू बोलतेस ते कुणाशी बोलल्यासारखं वाटत नाही. सुट्टीत म्हाताऱ्या माणसांत जाऊन बस."

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत ती न्यू जर्सीत एडिसनला शैलजामावशीकडे आली, तेव्हा तिने नायगाऱ्याची दोन दिवसांची सहल ठरवली. आपल्या लोकांची नव्हे, चिनी कंपनीची. मावशीच्या घरापासून दहा मिनिटांवर एका चिनी किराणा दुकानाच्या पार्किंगमधून ती बस सुटायची, हे पुरुषोत्तमकाकांनीच शोधून काढलं.

"एकटीच जाणार त्या सगळ्यांत?" मावशीने दशम्या फॉइलमध्ये गुंडाळता गुंडाळता विचारलं.

"त्यासाठीच तर जातेय, मावशी."

"बरं. पण पासपोर्ट, कॉलेजचं आय-ट्वेंटी, व्हिसाची सगळी कागदं जवळ ठेव. तिथे बॉर्डर आहे. हल्ली काही सांगता येत नाही."

बसमध्ये पन्नासएक माणसं होती आणि आसावरी सोडली तर सगळी चिनी. कुओ नावाचा गाइड माणसं मोजत मोजत तिच्यापाशी आला आणि इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही चुकीच्या बसमध्ये तर नाही ना बसलात?" ती चिनीत म्हणाली, "नाही, माझी सीट चौदा नंबर आहे." पुढच्या चार रांगांनी मागे वळून पाहिलं. खिडकीशी बसलेल्या बाई हसल्या आणि त्यांनी सीटवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"चौदाचा सूर खाली पडायला हवा," त्या म्हणाल्या. "पुन्हा म्हण."

आसावरीने पुन्हा म्हटलं. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. आसावरीने तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा त्यांनी स्टीलच्या थर्मासमधलं गरम पाणी झाकणात ओतून तिच्यापुढे धरलं.

त्यांचं नाव फांग. वय एकाहत्तर. चीनच्या उत्तर टोकाच्या हार्बिन शहरातल्या प्राथमिक शाळेत त्यांनी चौतीस वर्षं भाषा शिकवली होती. मुलगा लेई एडिसनमध्ये नोकरीला होता आणि त्याच्या पाच वर्षांच्या मुलीला सांभाळायला त्या फेब्रुवारीत आल्या होत्या. आसावरी त्यांना 'फांग आयी' म्हणू लागली. आयी म्हणजे मावशी. चिनी शिकायला लागल्यापासून तिला हा शब्द अनोळखी बाईला म्हणताना जरा अवघडल्यासारखं व्हायचं. फांग आयींना म्हणताना तसं झालं नाही.

पाच तास त्या दोघी बोलत होत्या. म्हणजे आसावरी बोलत होती आणि आयी सुधारत होत्या. न रागावता, न थांबवता, आसावरीचं वाक्य पुढे चाललेलं असतानाच त्या चुकलेला शब्द बरोबर सुरात हळूच म्हणायच्या, वर्गात चालता चालता पोराच्या वहीवर बोट ठेवावं तसं. आसावरीने सांगलीबद्दल सांगितलं, नदीबद्दल सांगितलं. आयी म्हणाल्या, "आमची नदी हिवाळ्यात गोठते, तिच्यावर लोक गाडी चालवतात. माझी नात विश्वास ठेवत नाही." वाटेत एका काचेच्या म्युझियममध्ये बस थांबली. तिथे एक माणूस तापलेल्या काचेतून फुंकर मारून फुलदाणी करून दाखवत होता. सगळे फोटो काढत होते. आयी मात्र भिंतीजवळच्या बाकावर पोटाला हात लावून बसून राहिल्या. आसावरीने विचारलं, तर म्हणाल्या, "अल्सर आहे. लेई म्हणतो, साधा आहे."

जेवायला बस थांबली त्या चायनीज बुफेत त्यांनी फक्त भाताची पेज घेतली. आसावरीच्या पुढ्यातल्या दशमीचा मात्र तुकडा मोडून घेतला, चावला आणि म्हणाल्या, "हे कुणी केलं? त्या बाईला सांग, छान आहे."

दुपारी तीनच्या सुमारास बस नायगाऱ्याला पोहोचली. कुओने माइकवर सांगितलं की बोटीची वेळ पावणेपाचची आहे, तोपर्यंत धबधब्याशेजारच्या या बेटावर फिरा, पण बरोबर साडेचारला इथेच या. माणसं घोळक्याने धबधब्याच्या दिशेने गेली. आयी उलट्या बाजूला निघाल्या, जिथे नदी अजून पडायची असते आणि दगडांवरून पांढरी होत जोरात धावत असते. तिथल्या एका बाकावर त्या बसल्या, आसावरीला शेजारी बसायला सांगितलं आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यातून चार घड्या घातलेला एक कागद काढला.

"हे मला वाचून सांग."

कागद इंग्रजीत होता. वर एका तपासणी केंद्राचं नाव होतं, खाली आयींचं नाव आणि तीन आठवड्यांपूर्वीची तारीख.

"लेईच्या टेबलाच्या खणात होता," आयी म्हणाल्या. "मी नातीचे रंग शोधत होते. फोनने फोटो काढला तर फोनने चिनीत काहीतरी सांगितलं. मी लेईला विचारलं. तो म्हणाला, मशीन चुकतं, आई, मशीनवर भरवसा ठेवू नकोस. दुसऱ्या दिवशी त्याने माझं परतीचं तिकीट बदललं. ऑगस्टचं होतं, ते जूनचं केलं. म्हणाला, तिकडे उन्हाळा छान असतो." त्यांनी कागद तिच्या हाताकडे सरकवला. "तू मशीन नाहीस."

आसावरीने कागद हातात घेतला. वाऱ्याने तो फडफडत होता म्हणून दोन्ही हातांनी धरला.

तो वाचायच्या आधीच तिच्या मनात चाकण आलं. पुण्यात चिनीचा डिप्लोमा झाल्यावर ती चाकणच्या एका कारखान्यात दीड वर्ष दुभाषी होती. एकदा एका चिनी इंजिनियरने प्रेस मशीन पाहून सांगितलं होतं, "सेन्सर बदलल्याशिवाय हे मशीन चालवू नका." समोर सुपरवायझर घड्याळ बघत उभा होता, ऑर्डर उशिरा चालली होती, आणि आसावरीने मराठीत सांगितलं, "सेन्सर बदलायला हवा म्हणतायत." बदलायला हवा. चालवू नका, हे तिने गिळलं. चार दिवसांनी देवांग नावाच्या ऑपरेटरची दोन बोटं त्या मशीनमध्ये गेली. तिला कुणी दोष दिला नाही. देणार तरी कसा, मूळ चिनी वाक्य तिच्याशिवाय कुणाला कळलंच नव्हतं. देवांग हॉस्पिटलमधून परत आल्यावरही तिला 'मॅडम, चहा घेतला का' असं विचारायचा. तेव्हापासून तिने ठरवलं होतं की समोरचा जे म्हणेल ते सगळं सांगायचं, त्यातलं आपल्या मनाने काही गाळायचं नाही.

तिने कागद वाचला. आठ ओळी होत्या. पहिल्या पाच यकृत, मूत्रपिंडं वगैरेंच्या, सगळं ठीक असल्याच्या. सहावीत लिहिलं होतं की स्वादुपिंडाच्या टोकाशी अठ्ठावीस मिलिमीटरची गाठ दिसते. सातवीत, की ही गाठ कॅन्सरची असल्याचा संशय आहे. आठवीत, की तुकडा काढून तपासल्याशिवाय निदान पक्कं धरू नये.

तिने पहिल्या पाच ओळी सांगितल्या. आयी हो म्हणून मान डोलवत होत्या. स्वादुपिंडाला चिनीत काय म्हणतात ते तिला आठवेना, तेव्हा तिने फोनमध्ये शब्द शोधून दाखवला. मग सहावी ओळ सांगितली.

"गाठ," आयी म्हणाल्या. "कसली गाठ?"

आसावरीने तोंड उघडलं. कॅन्सरला चिनीत 'आय' म्हणतात. सूर वर चढवला तर कॅन्सर. तोच सूर वरून खाली टाकला तर प्रेम. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे ती स्वतः शिकवायची. पण त्या क्षणी तिने तो शब्द म्हटला तेव्हा आवाज आपोआप खाली गेला.

"आय," आयी हळूच म्हणाल्या. वर चढणाऱ्या, स्वच्छ सुरात. दिवसभर सुधारत होत्या तसंच त्यांनी सुधारलं. आणि मग आपण काय म्हणालो ते त्यांच्या कानावर पडलं.

आसावरीच्या हातातून त्यांनी कागद घेतला, जुन्याच घड्यांवर पुन्हा चार घड्या घातल्या, कप्प्यात ठेवला आणि चेन ओढली. आसावरी म्हणाली, "आयी, अजून थोडं आहे," पण नदीचा आवाज होता, आणि तिचा आवाज काही नदीवरून जाणारा नव्हता. आयी उठून उभ्या राहिल्या होत्या.

"चल," त्या म्हणाल्या. "साडेचारला बोलावलंय."

बोटीवर सगळ्यांना निळे प्लास्टिकचे रेनकोट दिले होते. बोट धबधब्याच्या पायथ्याशी गेली तसं कुणाला काही दिसेना, नुसतं पांढरं पाणी आणि गर्जना. लोक ओरडत होते, हसत होते. आयी कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी आसावरीकडे आपला फोन दिला आणि फोटो काढायला सांगितलं. फोटोत त्या हसल्या. नातीला दाखवायला दोन बोटं वर करून व्हीची खूण केली. आसावरीला वाटलं, किती धीराची बाई आहे. खरं सांगितलं ते बरंच झालं, असंही वाटलं. ती रात्रभर गाढ झोपली, हे तिला पुढे कितीतरी दिवस खुपत राहिलं.

सकाळी हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत ती वॅफल करत असताना आयी आल्या. डोळे सुजले होते. त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

"मी लेई," पलीकडून इंग्रजीत आवाज आला. शांत आवाज होता, फार जपून शांत ठेवलेला. "आसावरी तुम्हीच ना?"

"हो."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही."

"मेडिकल इंटरप्रिटर?"

"नाही. मी विद्यार्थिनी आहे."

"तुम्ही माझ्या आईला सांगितलंत की तिला कॅन्सर आहे."

"त्यांनी कागद वाचायला सांगितला. मी जे लिहिलं होतं ते..."

"काय लिहिलं होतं?" लेई म्हणाला. "मला पाठ आहे तो कागद. त्यात लिहिलंय, संशय आहे. त्यात लिहिलंय, बायोप्सी करा. हे तुम्ही तिला सांगितलंत?"

मागे वॅफलचं मशीन शिट्टी वाजवत होतं.

"ती काल संध्याकाळी मला म्हणाली की ती ऑपरेशन करणार नाही, औषध घेणार नाही, काही करणार नाही. म्हणाली, स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं काय होतं ते मला माहीत आहे. मी तिला सांगितलं, अजून नक्की नाही. ती म्हणाली, त्या मुलीने वाचलं, ती खोटं बोलत नाही. मी तिला हार्बिनला नेऊन तिथे बायोप्सी करणार होतो. माझी मावशी तिथे डॉक्टर आहे. तिच्या ओळखीचे लोक आहेत. आईच्या भाषेत सगळं झालं असतं. मी लपवत होतो, हो. पण मला नक्की कळेपर्यंत लपवत होतो."

"मी सांगते त्यांना," आसावरी म्हणाली. "उरलेलं सगळं सांगते."

"सांगा," लेई म्हणाला आणि फोन बंद झाला.

संशयाला चिनीत काय म्हणतात ते आसावरीला येत होतं. 'कदाचित' हा शब्द तर पहिल्या महिन्यात शिकवतात. शब्द अडला म्हणून राहिलं, असं म्हणायचीही सोय नव्हती. बाई उठल्या आणि ती त्यांच्या मागे गेली, एवढंच झालं होतं. एका हाकेने त्यांना थांबवता आलं असतं. आपण थांबवलं का नाही, याचा ती वॅफलची प्लेट तशीच टेबलावर ठेवून विचार करत बसली. एक कारण तिच्या मनात येत होतं, ते तिला आवडत नव्हतं. इतका अवघड शब्द एकदाचा सांगून झाला, याचं तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या सुटकेत पुढचं वाक्य राहून गेलं.

परतीच्या बसमध्ये आयी आपल्या जागेवर, खिडकीशी बसल्या होत्या. बफेलो शहर मागे पडलं तसं आसावरीने वहीत उतरवून आणलेली दोन वाक्यं त्यांच्यापुढे धरली. सातवी ओळ आणि आठवी ओळ. चिनी अक्षरांत, दोनदा तपासून, प्रत्येक शब्द जागच्या जागी.

"आयी, काल हे सांगायचं राहिलं. माझी चूक झाली. कागदावर संशय असं लिहिलंय. नक्की नाही. तुकडा तपासल्याशिवाय काही म्हणू नये, असंही लिहिलंय."

आयींनी चष्मा लावला. वाक्यं वाचली. एका अक्षरात आसावरीने एक रेघ कमी काढली होती, पण ती त्यांनी सुधारली नाही.

"लेईने हे सांगायला सांगितलं तुला," त्या म्हणाल्या.

"नाही. म्हणजे, सांगा म्हणाला. पण हे लिहिलेलंच आहे. कागद काढा, मी बोट ठेवून दाखवते."

"मला इंग्रजी वाचता येत नाही. तू बोट कुठेही ठेवशील."

आयी बाहेर बघत राहिल्या. रस्त्याच्या कडेला गायी दिसत होत्या, कोठारं दिसत होती.

"माझा नवरा रेल्वेत होता," त्या म्हणाल्या. "त्याला जठराचा झाला. डॉक्टरने मला बाहेर बोलावून सांगितलं. मी आत गेले आणि त्याला म्हटलं, अल्सर आहे. पुढे त्याचं वजन उतरायला लागलं, तेव्हा त्याने मला विचारलं, खरं सांग. मी म्हटलं, डॉक्टरला संशय आहे, पण नक्की नाही, अजून तपासायचं आहे. हेच शब्द." त्यांनी वहीतल्या वाक्यावर बोट ठेवलं. "पाच महिने मी हेच सांगत होते. तो नवी सायकल घ्यायचं म्हणत होता. आम्ही दुकानात जाऊन रंगसुद्धा बघून आलो. लेई तेव्हा कॉलेजात होता, त्याला सगळं माहीत होतं. माझ्याबरोबर तोही बापाला हेच सांगायचा. तो हे माझ्याकडूनच शिकलाय. त्याच्यावर मी कशी रागवू?"

"त्यांना कळलं होतं का? तुमच्या नवऱ्याला?"

"मी कधी विचारलं नाही," आयी म्हणाल्या. "विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं."

काल सकाळी याच सीटवर आसावरीची वाक्यं शब्दागणिक दुरुस्त होत होती. आज ती बोलली असती तरी त्या बाईने तिच्या तोंडचं एक अक्षर खरं धरलं नसतं, आणि यात त्या बाईचं काही चुकत होतं असंही तिला म्हणता येईना. काल अर्धं सांगितलं ते त्यांना पूर्ण खरं वाटलं. आज पूर्ण सांगितलं तर ते खोटं वाटतंय.

पेनसिल्व्हेनियात एका पेट्रोल पंपापाशी बस थांबली. बहुतेक सगळे उतरले. आयी बसमध्येच थांबल्या. आसावरी थर्मास घेऊन गेली, गरम पाणी भरून आणलं आणि बसली. तिने थोडा वेळ मनाशी जुळवाजुळव केली.

"आयी, माझ्यावर विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "लेईवरही ठेवू नका. इथल्या हॉस्पिटलांत दुभाषी असतात. शिकलेले, त्याच कामाचे. तुम्ही मागितलात तर हॉस्पिटल बहुतेक देतं, पैसे पडत नाहीत. स्क्रीनवर येतो, नाहीतर फोनवर. तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा कुणी विचारलं होतं?"

"विचारलं असेल. लेई म्हणाला, मी आहे."

"या वेळी तुम्ही म्हणा. तपासणी इथेच करा आणि तो माणूस समोर असताना डॉक्टरला जे विचारायचं ते विचारा. तो तुमचा मुलगा नसेल आणि मीही नसेन."

"मला ते इंग्रजीत म्हणता येणार नाही."

आसावरीने वहीचं पान फाडलं. मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं: मला चिनी दुभाषी हवा आहे. माझ्या मुलाने भाषांतर केलेलं मला चालणार नाही. खाली तेच चिनीत लिहिलं. आयींनी चिनी वाचलं आणि दुसऱ्या वाक्यावर त्यांचे डोळे थांबले.

"हे त्याच्यासमोर दाखवायचं?"

"हो."

आयींनी पान किती तरी वेळ हातात धरलं. बस पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांनी ते कागदाजवळच्या त्याच कप्प्यात सरकवलं. दाखवीन असं त्या म्हणाल्या नाहीत.

एडिसनला पोहोचेपर्यंत सहा वाजून गेले. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये लेई मुलीचा हात धरून उभा होता. चाळिशीचा, बारीक, ऑफिसचा शर्ट घातलेला माणूस. मुलगी धावत येऊन आजीच्या कमरेला बिलगली आणि इंग्रजीत काहीतरी सांगू लागली. आजीने तिला फोनमधला निळ्या रेनकोटातला फोटो दाखवला. लेईने आईची बॅग घेतली. आसावरीपाशी येऊन त्याने मान लववली. "तुम्ही सांगितलंत?" त्याने विचारलं. "सांगितलं. त्यांना पटलं नाही," ती म्हणाली. तो म्हणाला, "मलाही तेच वाटलं होतं." त्यात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. जाताना आयींनी तिच्याकडे फोन पुढे केला आणि चिनी मेसेजिंग ॲपमध्ये तिचा नंबर घेतला.

काकांनी गाडीत विचारलं, "काय, झाली का प्रॅक्टिस?" मावशीने घरी गेल्यावर विचारलं, "धबधबा कसा होता गं?" आसावरीने मावशीला सगळं सांगितलं. मावशीने ओट्यापाशी तांदूळ धुतले. मग म्हणाली, "तुझ्या आजोबांना आपण सांगितलं होतं का? नाही ना. मी इथून फोनवर म्हणायचे, आप्पा, पुढच्या महिन्यात उठून बसाल." आणि तिने कुकर लावला.

आसावरी डब्लिनला परतली. उन्हाळ्याचे वर्ग सुरू झाले. तीन आठवडे काही कळलं नाही. रोज संध्याकाळी अक्षरं गिरवताना तिचं लक्ष फोनकडे जायचं. आपण विचारावं का, हेही तिला ठरवता येईना. सई एकदा म्हणाली, "यार, तू त्यांच्या घरची नाहीस. सोड ना आता." आसावरीला ते पटलं, पण सुटलं नाही.

जूनच्या मध्यावर लेईचा इंग्रजीत मेसेज आला. लांब होता. आईने हॉस्पिटलच्या काउंटरवर दुभाषी मागणारं ते पान दाखवलं, असं त्याने लिहिलं होतं. आधी तिने ते पर्समधून काढलं, पुन्हा ठेवलं, मग काढलं. तो बाजूला उभा राहिला. स्क्रीनवर एक बाई आल्या आणि आईने त्यांच्यामार्फत डॉक्टरला अकरा प्रश्न विचारले. त्याने मोजले होते. बायोप्सी झाली. कॅन्सरच होता. मात्र लवकर सापडला आहे, ऑपरेशन होऊ शकतं, आणि आई ते करून घ्यायला तयार झाली आहे, हार्बिनला, मावशीच्या हॉस्पिटलात. 'तिचा निर्णय तिने घेतला, हे चांगलं झालं असं माझी बायको म्हणते,' असं त्याने पुढे लिहिलं होतं. 'मला अजून तसं म्हणता येत नाही. ती पूर्वी माझ्या मुलीला झोपवताना गाणं म्हणायची. आता म्हणत नाही. तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाहीये. तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिलं.'

आसावरीने तो मेसेज लिन बाईंना दाखवला नाही, सईलाही दाखवला नाही. उत्तर चार वेळा लिहिलं आणि पुसलं. शेवटी एवढंच पाठवलं: 'कळवलंत, आभारी आहे. मी त्या दिवशी त्यांना थांबवायला हवं होतं.'

दोन दिवसांनी, ती बसस्टॉपवर उभी असताना आयींचाच आवाज आला. रेकॉर्ड केलेला मेसेज होता, पाऊण मिनिटाचा. मागे सामान सरकवल्याचा, चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येत होता. आयी म्हणत होत्या की शुक्रवारचं विमान आहे, लेईला बॅग भरता येत नाही, नातीने आपला एक बूट बॅगेत टाकला आहे. मग आवाज लहान झाला आणि त्या एक वाक्य बोलल्या, ते आसावरीला कळलं नाही. तिने तीनदा ऐकलं. दोन-तीन शब्द लागत होते. उरलेलं अंदाजाने जुळवता आलं असतं.

तिने तसं केलं नाही. तिने उलट मेसेज पाठवला, "आयी, शेवटचं मला कळलं नाही. पुन्हा सांगाल का?"

बस आली, ती चढली, युनिव्हर्सिटीला पोहोचली, वर्ग घेतला. बाहेर आली तेव्हा उत्तर आलेलं होतं. या वेळी आयी एकेक शब्द सुटा करून, पहिलीच्या पोरांना सांगावं तशा बोलल्या होत्या.

"मी तुझ्यावर रागावलेले नाही. पण त्या दिवशी मी धबधबा पाहिला नाही. बोटीवर उभी होते, फोटो आहे, पण मला काही दिसलं नाही. तू पाहिलास का? पाहिला असशील तर मला लिहून पाठव, कसा होता."

आसावरी पायरीवर बसली. तिने वही काढली आणि आठवायला लागली.